निळ्या रंगाखालचा तांबडा थर

भोपाळ शहराच्या उत्तर भागात, निशातपुरा येथे, रेल्वेचा प्रवासी डबे पुनर्बांधणीचा कारखाना 1989 पासून चालू आहे. सुमारे 12 ते 15 वर्षे धावलेला डबा येथे आणला जातो, त्याची अंतर्गत मांडणी उतरवली जाते, गंजलेले पत्रे कापून नवे जोडले जातात आणि मग त्या लोखंडी सांगाड्यावर रंगांचे थर पुन्हा पहिल्यापासून चढवले जातात. या डब्याची 1:87 या प्रमाणातील, म्हणजे मूळ वस्तूच्या प्रत्येक 87 मिलिमीटरला 1 मिलिमीटर या हिशेबाने केलेली प्लॅस्टिकची प्रतिकृती तयार करणाऱ्या छांदिष्टालाही हेच काम करावे लागते. मात्र लोखंडाच्या जागी प्लॅस्टिक, फुटांच्या जागी मिलिमीटर आणि कारखान्याच्या जागी घरातील टेबल येते. रंगाचे थर कोणत्या क्रमाने चढवायचे हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच असला, तरी आकार लहान झाला म्हणून तो सोपा होत नाही, उलट अधिक नाजूक होतो.

याचे कारण असे की वस्तू 87 पटींनी लहान करता येते, पण रंग लहान करता येत नाही. भारतात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या आयसीएफ, म्हणजे इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या, पद्धतीच्या डब्याची पेटी 21.337 मीटर लांब असते. प्रतिकृतीत ती सुमारे साडेचोवीस सेंटिमीटर भरते. खऱ्या डब्यावरील 5 मिलिमीटर रुंदीची खाच प्रतिकृतीत 57 मायक्रॉनची होते, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. फवाऱ्याने दिलेला रंगाचा एक पातळ हात वाळल्यावर साधारण 10 मायक्रॉन जाडीचा राहतो असे धरले, तर अस्तर, मूळ रंग, चकाकी, धुवण आणि अखेरचे रोगण असे पाच हात मिळून 50 मायक्रॉन होतात, आणि ती खाच जवळजवळ बुजते. याच 50 मायक्रॉनांना 87 ने गुणले तर खऱ्या डब्यावर 4 मिलिमीटरहून जाड रंगाचा लेप बसल्यासारखे होते, आणि इतका जाड लेप कोणत्याही डब्यावर नसतो. म्हणजेच प्रतिकृतीवरचा रंग नेहमीच प्रमाणाबाहेर जाड असतो, आणि प्रतिकृती रंगवण्याची सारी विद्या या एका अटळ विसंगतीशी झुंजण्यातून घडलेली आहे. थर पातळ हवेत आणि तरी अनेक हवेत. एकमेकांवर बसावेत आणि तरी एकमेकांत मिसळू नयेत.

त्यासाठी रंग म्हणजे नेमके काय हे पाहावे लागते. कोणत्याही रंगात तीन मुख्य घटक असतात. पहिला रंगद्रव्य, म्हणजे प्रकाशाचा काही भाग शोषणारी व काही भाग परतवणारी बारीक पूड; दुसरा बंधक, म्हणजे त्या पुडीचे कण एकमेकांना आणि पृष्ठभागाला चिकटवून ठेवणारा चिकट पदार्थ; आणि तिसरा द्रावक, म्हणजे हे मिश्रण पातळ ठेवून नंतर उडून जाणारा द्रव. दुकानात रंग निवडताना लक्ष पहिल्या घटकाकडे जाते, पण थरांच्या क्रमात रंगद्रव्याला जवळजवळ काहीच स्थान नाही. निळ्यावर पिवळा द्यावा की पिवळ्यावर निळा, हा प्रश्न नंतरचा असतो. आधी पाहायचे ते हे की बंधक कोणता आहे, तो वाळतो कसा आणि वाळल्यानंतर कशाने पुन्हा विरघळतो.

सर्वांत साधी रीत लॅकरची. लॅकर हा शब्द युरोपीय भाषांतून फिरून आलेला असला तरी त्याचे मूळ आपल्या लाखेत आहे. पळस आणि कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या स्रावापासून लाख मिळते, तिचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार लाकडाला पॉलिश करतात, आणि स्पिरिट उडून गेले की लाखेचा चकाकणारा पापुद्रा उरतो. हे वाळणे केवळ उडून जाण्याचे असते. बंधकात कोणताही रासायनिक बदल होत नाही. म्हणूनच त्याच पापुद्र्यावर पुन्हा स्पिरिट पडले तर तो पुन्हा विरघळतो. आजच्या प्रतिकृतींसाठीच्या लॅकरमध्ये लाखेच्या जागी नायट्रोसेल्युलोज किंवा ॲक्रिलिक राळ असते आणि स्पिरिटच्या जागी अधिक तीव्र द्रावकांचे मिश्रण असते, पण स्वभाव तोच राहतो. तो झपाट्याने वाळतो, कडक होतो, अतिशय पातळ बसतो, आणि आपल्या जातीच्या द्रावकासमोर कायम हार मानतो.

एनॅमलची गोष्ट वेगळी आहे आणि तिचे मूळ जवसाच्या तेलात आहे. विदर्भात आणि मध्य प्रदेशात पिकणाऱ्या जवसाच्या तेलाचा पातळ थर हवेवर ठेवला तर तो काही दिवसांत चिकट होतो व पुढे घट्ट पापुद्रा बनतो. तेल कुठे उडून जात नाही, उलट हवेतील ऑक्सिजन शोषून त्याचे वजन सुरुवातीला थोडे वाढते. तेलाच्या रेणूंमधील दुहेरी बंधांवर ऑक्सिजनची क्रिया होऊन रेणू एकमेकांना जोडले जातात आणि सबंध थराचे एक जाळे तयार होते. आधुनिक एनॅमल हे अशाच तेलांपासून बनवलेल्या अल्किड राळेचे असते. हे जाळे एकदा विणले गेले की टर्पेंटाइनने ते उसवत नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे. दोष असा की विणकाम संथ असते. एनॅमल एका दिवसात हाताला वाळते, पण आतून कडक होण्यास त्याला आठवडे लागतात, आणि या दोन अवस्थांमधील अंतर न ओळखल्यामुळे जितक्या प्रतिकृती बिघडतात तितक्या क्वचितच दुसऱ्या कशाने बिघडत असतील. अनुभवी लोक यावर एक सोपी कसोटी वापरतात: प्रतिकृती नाकाजवळ धरावी, आणि रंगाचा जराही वास येत असेल तर द्रावक अजून आतून बाहेर पडतो आहे असे समजून पुढचा हात लांबवावा.

तिसरा प्रकार पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकचा. 1931 साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या आणि आज कॅम्लिन या नावाने घरोघरी परिचित असलेल्या उद्योगामुळे मराठी मुलांच्या हातात जलरंग पोचले, आणि त्याच वर्गात नंतर आलेल्या ॲक्रिलिक रंगांमुळे हा पदार्थही ओळखीचा झाला. यात राळ पाण्यात विरघळलेली नसते. तिचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात. पाणी उडते तसे हे थेंब जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात आणि अखेर एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतात. ही क्रिया पूर्ण झाल्यावर पाणी त्याला पुन्हा विरघळवू शकत नाही, परंतु ती पूर्ण होण्यापूर्वी ओला ब्रश फिरवला तर थर सोलून निघतो. जपानच्या तामिया कंपनीचे ॲक्रिलिक मात्र या वर्णनात पूर्णपणे बसत नाहीत, कारण त्यांत अल्कोहोलवर्गीय द्रावक असतात आणि ते लॅकरच्या थिनरनेही पातळ करता येतात. त्यामुळे त्यांची वागणूक लॅकर आणि ॲक्रिलिक यांच्या मध्ये कुठेतरी पडते. बाटलीवर ॲक्रिलिक लिहिले आहे एवढ्यावरून सगळे ॲक्रिलिक एकसारखे मानणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

या तीन स्वभावांतून थरांचा नियम आपोआप निघतो. वर चढणाऱ्या रंगाच्या द्रावकाने खालचा थर विरघळता कामा नये, फुगताही कामा नये. लॅकरवर एनॅमल चालते, कारण एनॅमलमधील खनिज टर्पेंटाइन हा सौम्य द्रावक आहे आणि लॅकरच्या राळेवर त्याचा परिणाम होत नाही. ॲक्रिलिकवरही एनॅमल किंवा तैलरंग याच कारणाने चालतो. परंतु एनॅमलवर लॅकर दिले, तर त्यातील तीव्र द्रावक एनॅमलच्या अर्धवट विणलेल्या जाळ्यात शिरतो, जाळे फुगते, आणि खाली चिकटलेले असल्यामुळे आडवे पसरण्याऐवजी उचलले जाऊन त्यावर सुरकुत्या पडतात. पाहता पाहता गुळगुळीत छताला सुकलेल्या लिंबाच्या सालीचे रूप येते, आणि त्यावर सगळा रंग खरवडून काढण्याखेरीज उपाय राहत नाही. म्हणून सर्वसाधारण क्रम असा ठरला आहे की खाली तीव्र द्रावकाचे लॅकर, त्यावर ॲक्रिलिक, आणि सर्वांत वर सौम्य द्रावकाचे एनॅमल किंवा तैलरंग.

प्लॅस्टिक हादेखील एक थरच आहे, हे येथे विसरून चालत नाही. बहुतेक प्रतिकृती पॉलिस्टायरीनच्या असतात, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या थिनरमध्ये टोल्युइनसारखे द्रावक असतात जे पॉलिस्टायरीनला सरळ विरघळवतात. फर्निचरसाठी आणलेले थिनर प्रतिकृतीवर वापरल्यास प्लॅस्टिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात. याउलट प्रतिकृतींसाठी बनवलेले लॅकर अस्तर प्लॅस्टिकला फक्त वरवर किंचित मऊ करते, त्यात रुतून बसते, आणि म्हणून त्याची पकड इतर कोणत्याही अस्तरापेक्षा घट्ट असते. विध्वंसक गुणच योग्य मात्रेत बांधणीचा गुण होतो, आणि ती मात्रा द्रावकाचे प्रमाण, फवाऱ्याचे अंतर आणि थराची जाडी या तिन्हींवर अवलंबून असते.

पकड ढिली राहिली तर काय होते याचे उदाहरण महाराष्ट्रात गावोगावी मारुतीच्या मंदिरात दिसते. तेलात कालवलेल्या शेंदराचे थर वर्षानुवर्षे एकमेकांवर चढत जातात, मूर्तीचे अवयव हळूहळू झाकले जातात, आणि एखाद्या दिवशी सबंध खोळ पोपड्यासारखी गळून आतले मूळ शिल्प उघडे पडते. वरचे थर एकमेकांना धरून असतात. सुटतो तो दगड आणि पहिला थर यांच्यामधील सांधा, कारण सगळ्या थरांचे वजन आणि आकुंचन यांचा ताण शेवटी तेथेच येतो. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, आणि लोखंडाला गंजापासून वाचवण्यासाठी हेच द्रव्य अस्तर म्हणून दीर्घकाळ वापरले गेले. शिशाचे विषारीपण लक्षात आल्यावर भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम 2016 साली झाले. जुन्या डब्यातील रंग घासताना किंवा कलावंतांसाठीचा शिसेयुक्त पिवळा रंग फवारताना तोंडावर मुखपट्टी असण्याचे महत्त्व यावरून कळावे.

गणपतीच्या कारखान्यांत थरांचे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पेणच्या किंवा कोणत्याही गावच्या मूर्तिकाराच्या हातून मातीच्या अंगावर आधी पांढरे अस्तर चढते, त्यावर फवाऱ्याने अंगाचा रंग, मग शेडिंग, मग पितांबर आणि दागिने, आणि अगदी शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी शेवटी ठेवण्यात भक्तिभाव तर आहेच, पण तंत्राचाही भाग आहे, कारण बारीक ब्रशाच्या रेषेवर नंतर फवाऱ्यातल्या रंगाचा एक कणही पडून चालत नाही. प्रतिकृतीवरील डब्याच्या क्रमांकांचेही नेमके तेच आहे.

पांढऱ्या अस्तराचा विषय निघाला म्हणून रंगाच्या झाकण्याच्या शक्तीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. रंगद्रव्याचा कण बंधकात बुडालेला असतो, आणि प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना जितका अधिक वळतो, तितका तो अधिक विखुरतो व खालचा थर झाकला जातो. हे वळणे अपवर्तनांकाने मोजतात. बंधकाचा अपवर्तनांक सुमारे 1.5 असतो, टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या द्रव्याचा सुमारे 2.7, आणि म्हणून पांढरा टायटॅनियम रंग दोन हातांत काळेही झाकतो. खडूचा अपवर्तनांक मात्र सुमारे 1.6, म्हणजे बंधकाच्या अगदी जवळ. त्यामुळे डिंकाच्या पाण्यात कालवून वाळवलेला खडू शुभ्र दिसतो, कारण त्याच्या कणांभोवती हवा राहते, पण तोच खडू जवसाच्या तेलात मळला तर सुताराची पिवळसर, मळकट लांबी होते. पिवळी आणि लाल सेंद्रिय द्रव्येही अशीच अर्धपारदर्शक असतात. 1 एप्रिल 2023 पासून भोपाळच्या राणी कमलापती स्थानकातून दिल्लीकडे धावणाऱ्या वंदे भारतची पांढरी-निळी प्रतिकृती रंगवताना फारशी अडचण येत नाही, परंतु जुन्या डब्यावरची पिवळी पट्टी गडद पृष्ठभागावर थेट दिली तर ती हिरवट, मेलेली दिसते. तिच्याखाली पांढरा किंवा फिकट गुलाबी पट्टा देऊन मगच पिवळा चढवावा लागतो. पिवळ्याचे पाच हात देण्यापेक्षा पांढऱ्याचा एक आणि पिवळ्याचे दोन देणे हे जाडीच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

झाकण्याच्या शक्तीत आणि टिकाऊपणात लोहाच्या ऑक्साइडची बरोबरी करणारी द्रव्ये थोडी आहेत, आणि या बाबतीत भोपाळच्या परिसराइतका पुरावा क्वचितच कुठे मिळेल. शहरापासून सुमारे 45 किलोमीटरवर भीमबेटका येथील शैलाश्रय आहेत. नीमच येथे जन्मलेले, उज्जैनला कर्मभूमी मानणारे मराठी पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर 1957 साली रेल्वेने या भागातून जात असताना त्यांना या टेकड्यांचे आकार वेगळे वाटले, आणि तेथे जाऊन त्यांनी प्रागैतिहासिक चित्रांचा तो अफाट ठेवा जगासमोर आणला. 2003 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचे स्थान दिले. स्वतः चित्रकार असलेल्या वाकणकरांना तेथे एकाच शिळेवर वेगवेगळ्या काळांतील चित्रे एकमेकांवर काढलेली दिसली, आणि कोणती रेषा कोणत्या रेषेवरून गेली आहे हे वाचून काळाचा क्रम लावणे ही तेथील अभ्यासाची एक मुख्य पद्धत ठरली. प्राण्यांच्या चित्रांनी गजबजलेली तेथील एक शिळा अशा एकमेकांवर काढलेल्या चित्रांसाठी विशेष प्रसिद्ध आहे. त्या चित्रांतला तांबडा रंग प्रामुख्याने गेरूचा, म्हणजे हेमेटाइट या लोहखनिजाचा आहे. हेमेटाइटचा अपवर्तनांक 2.9 च्या आसपास असतो, उन्हाने तो उडत नाही, आम्लाने सहजी बिघडत नाही. डब्यांच्या पोलादी पत्र्यावर जे रेड ऑक्साइडचे अस्तर देतात त्यातील तांबडेपणा याच द्रव्याचा, आणि त्या पत्र्याला पुढे चढणारा गंजही लोहाच्या ऑक्साइडांच्याच कुळातला.

भोपाळच्या हवामानाने या साऱ्या रसायनाला आणखी एक अट घातली आहे. मे महिन्यात येथील दुपारचे तापमान 40 अंशांपलीकडे जाते आणि हवा कोरडी असते. फवाऱ्यातून निघालेले लॅकरचे थेंब प्रतिकृतीपर्यंत पोचण्याआधीच वाटेत वाळतात आणि पृष्ठभागावर रंगाऐवजी खरखरीत पूड बसते. जुलै-ऑगस्टमध्ये उलट घडते. द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग थंड होतो, आणि हवा बाष्पाने भरलेली असल्यामुळे त्या थंड थरावर माठावर जमतात तसे पाण्याचे सूक्ष्म कण जमतात. ते ओल्या लॅकरमध्ये अडकले की काळा रंगही दुधाळ दिसू लागतो. यावर उपाय म्हणजे सावकाश उडणारा द्रावक मिसळणे, किंवा पावसाची झड ओसरेपर्यंत लॅकरचा डबा बंद ठेवून पाण्याच्या ॲक्रिलिककडे वळणे. हिवाळा येथे रंगकामाला सर्वांत अनुकूल, पण थंडीत एनॅमलचे विणकाम आणखी संथ होते हे ध्यानात ठेवावे लागते.

आतापर्यंत सांगितलेल्या तीन रीतींखेरीज वाळण्याची एक चौथी रीत आहे, आणि भोपाळमध्ये तिच्याबद्दल लिहिताना लेखणी जड होणे स्वाभाविक आहे. रेल्वेच्या डब्यांवर अलीकडे जे पॉलियुरेथेन रंग देतात ते दोन डब्यांत येतात. एका डब्यात हायड्रॉक्सिल गट असलेली राळ असते, दुसऱ्यात आयसोसायनेट गट असलेला कठीणकारक. दोन्ही मिसळल्यावर हे गट एकमेकांशी जोडले जाऊन युरेथेन बंध तयार होतात, आणि ऊन, पाऊस व धुण्याची रसायने सहन करणारा अत्यंत कणखर, काचेसारखा थर मिळतो. जर्मन रसायनज्ञ ओटो बायर यांनी 1937 साली या वर्गाचा पाया घातला. मोटारींच्या प्रतिकृतींना आरशासारखी चकाकी आणण्यासाठी हेच पारदर्शक रोगण आता छांदिष्टांमध्येही पसरले आहे.

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून जो वायू शहरावर पसरला, तो मिथिल आयसोसायनेट होता. सुमारे 40 टन द्रव असलेल्या साठवण टाकीत पाणी शिरले, आयसोसायनेट आणि पाणी यांच्या क्रियेतून उष्णता व कार्बन डायऑक्साइड निर्माण झाला, दाब वाढत गेला आणि विष बाहेर पडले. हजारो माणसे मेली, आणि वाचलेल्यांपैकी असंख्यांची फुप्फुसे व डोळे कायमचे अधू झाले. रंगातील कठीणकारक हे मिथिल आयसोसायनेट नव्हे. ते जड रेणूचे असते, सामान्य तापमानाला तसे उडत नाही, आणि दोघांची तुलना सरसकट करणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु क्रियाशील गट दोन्हींत तोच आहे, नायट्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन यांचा, आणि तो जिवंत ऊतींशीही तशीच क्रिया करतो. फवाऱ्याने त्याचे सूक्ष्म तुषार केले की न उडण्याचा गुण निरुपयोगी ठरतो, कारण तुषार थेट श्वासात जातात. काही माणसांची फुप्फुसे त्याला एकदा संवेदनशील झाली की नंतरचा अगदी थोडा संपर्कही तीव्र दम्याचा झटका आणू शकतो, आणि ही संवेदनशीलता बहुधा आयुष्यभर टिकते. कापडी पट्टी किंवा धुळीची मुखपट्टी येथे काहीच संरक्षण देत नाही. कारखान्यांत यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे मुखवटे वापरले जातात. घरच्या खोलीत, मुलेबाळे वावरत असताना, केवळ चकाकीसाठी हे रोगण फवारणे कोणत्याही हिशेबाने समर्थनीय नाही. लॅकरचे पारदर्शक रोगण पातळ हातांत देऊन, ते पूर्ण कडक झाल्यावर अतिबारीक पॉलिश पेपरने ओले घासून जवळपास तेवढीच चकाकी मिळते, आणि रेल्वेच्या डब्याला तर तितक्या चकाकीची गरजच नसते.

चकाकीचे प्रतिकृतीवरील खरे काम वेगळे आहे आणि ते तात्पुरते आहे. डब्यावरील अक्षरे व क्रमांक पाण्यात भिजवून सरकवायच्या पातळ चिकटचित्रांनी बसवतात, ज्यांना डिकॅल म्हणतात. मंद, चकाकी नसलेल्या रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो. त्यावर डिकॅल बसवले की खाचांत हवा अडकते आणि पारदर्शक कडा चंदेरी दिसू लागतात. म्हणून आधी चकाकीचा थर द्यावा, त्यावर अक्षरे बसवावीत आणि नंतर मंद रोगणाने सगळे एकसारखे करावे. अक्षरांची निवड इतिहास पाहून करावी लागते. भोपाळ विभाग पूर्वी मुंबईत मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेत होता आणि 2003 साली जबलपूर येथे मुख्यालय असलेल्या पश्चिम मध्य रेल्वेत गेला. डब्यांचा मरून रंग त्याआधीच, 1990 च्या दशकात, निळ्याला जागा देऊ लागला होता. मरून डब्यावर पश्चिम मध्य रेल्वेची आद्याक्षरे लिहिणे म्हणजे दोन काळ एकत्र करणे होय. पुण्यात कोथरूडला 1998 साली सुरू झालेल्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात मराठी घरांतील कितीतरी मुलांनी धावत्या प्रतिकृती प्रथम पाहिल्या. त्या मुलांपैकी जे पुढे स्वतः रंगवू लागले त्यांच्यासाठी असले तपशील किरकोळ राहत नाहीत.

मरूनवर निळा चढलेला हा डबाच थरांच्या शास्त्राचे सर्वांत सुंदर उदाहरण ठरतो, कारण वापराने झिजलेल्या दाराच्या मुठीजवळ आणि पायरीच्या कडेला निळा उडून खालचा तांबडा डोकावतो. हे दाखवण्यासाठी ब्रशाने तांबडे ठिपके वर रंगवता येतात, पण ते ठिपके नेहमी वर बसलेले दिसतात. खरी झीज आत असते. म्हणून एक युक्ती वापरतात जिच्यात थरांचा नियम जाणूनबुजून मोडला जातो. रेड ऑक्साइडच्या रंगाचे अस्तर आणि त्यावर मरून हे दोन्ही लॅकरचे देतात आणि पूर्ण कडक होऊ देतात. त्यावर केसांना मारायच्या साध्या हेअरस्प्रेचा पातळ फवारा देतात, ज्याची राळ पाण्यात विरघळते. त्यावर पाण्याच्या ॲक्रिलिकचा निळा थर चढवतात, आणि तो अर्ध्या-एक तासाचा असतानाच त्यावर कोमट पाण्याने भिजवलेला आखूड केसांचा ब्रश हलकेच घासतात. निळ्या थरातील सूक्ष्म छिद्रांतून पाणी खाली झिरपते, हेअरस्प्रे विरघळतो, आणि आधार सुटलेला निळा थर वेड्यावाकड्या कडांनी निघून मरून उघडा पडतो. लॅकरवर पाण्याचा काहीच परिणाम होत नसल्यामुळे झीज नेमकी तेथेच थांबते. निळा रंग लॅकरचा असता तर पाणी आत शिरलेच नसते, मरून साधा जलरंग असता तर तोही वाहून गेला असता; तीन थरांचे तीन वेगळे स्वभाव एकत्र आले म्हणूनच हे साधते. कुठे घासायचे हे मात्र रसायन सांगत नाही. प्रवाशांचे हात कुठे पडतात, पाणी भरताना नळी कुठे घासते, छतावरचे पावसाचे पाणी कोणत्या कडेने उतरते, हे फलाटावर उभे राहून पाहणाऱ्या माणसाच्याच प्रतिकृतीत खरे उतरते.

या झिजेवर चकाकीचे रोगण दिल्यावर धुवणाची पाळी येते. खूप पातळ केलेला गडद तपकिरी तैलरंग खिडक्यांच्या चौकटींभोवती आणि सांध्यांत सोडला की तो केशाकर्षणाने खाचांत धावतो, आणि सपाट भागावर उरलेला टर्पेंटाइनने ओल्या केलेल्या ब्रशाने पुसून घेता येतो. खाली ॲक्रिलिक व लॅकर असल्यामुळे टर्पेंटाइनपासून त्यांना धोका नसतो. चूक झाली तर पुसून पुन्हा करता येते. तैलरंगाचा संथपणा, जो सुरुवातीला दोष होता, तो येथे सोयीचा होतो.

सर्वांत वर येते ती धूळ. चाकांच्या सांगाड्यावर ब्रेकच्या ठोकळ्यांची झिजून पडलेली तपकिरी, गंजकट पूड, आणि पेटीच्या खालच्या भागावर माळव्यातील मातीची फिकट धूळ. यासाठी कोरडी रंगद्रव्येच ब्रशाने लावतात, कारण बंधकात कालवलेली पूड धुळीसारखी दिसत नाही. ती टिकावी म्हणून ब्रशाच्या टोकाने टर्पेंटाइनचा एखादा थेंब सोडतात. तो पसरतो, पूड पृष्ठभागावर बसवतो आणि उडून जातो. त्यावर रोगण देण्याचा मोह येथे आवरावा लागतो. मातीच्या कणांचा अपवर्तनांक खडूसारखाच बंधकाच्या जवळचा असतो, आणि रोगणाने त्यांच्याभोवतीची हवा हटवली की फिकट धूळ क्षणात दिसेनाशी होते. गेरूची पूड तेवढी गडद होऊन मागे राहते. म्हणून हा थर उघडाच ठेवतात, आणि डबा पुढे कधी उचलायचा झाला तर तो छताला किंवा टोकांना धरूनच उचलतात.